सुट्टीतली टाकी

गड्ड्याचे चार दिवस कारखाने बंद.
अक्कलकोट रोडला चहाची टपरीसुद्धा उघडी नाही.
गावात नंदीध्वज निघाले असतील आत्तापर्यंत.
मी मात्र इथे, पिशवीत पाच किलो गूळ घेऊन,
कारण टाकीला सुट्टी कळत नाही.

एरवी टॉवेलांचं पाणी येतं.
मंगळवारी लाल, मधेच मोरपंखी,
महिनाअखेरीला गंधकाचा काळा,
आणि त्यातली खळ, मेण, उरलासुरला रंग
खाऊन हे जगतात.
पाणीच आलं नाही तर स्वतःच्या अंगातलं जाळतात,
मग मेलेल्या शेजाऱ्याचं.
पुस्तकात याला जडसं नाव आहे.
दस्तगीर म्हणतो, दुष्काळ.

दस्तगीर ब्लोअरवर. बारा वर्षं रात्रपाळी.
तो त्यांना पोरं म्हणतो.
हवा कमी पडली की आधी त्याच्या नाकाला कळतं,
मीटरला मागाहून.

गूळ कोमट पाण्यात कालवते.
दोन बादल्या शेण, ओंजळभर युरिया.
टाकी पहिल्यांदा सुरू केली तेव्हाही हेच केलं होतं,
साहेब नाकाला रुमाल लावून उभे
आणि जुन्या टाकीतला टँकरभर गाळ विरजणासारखा ओतलेला.
अम्मा आंबिलीचं मडकं कधी पुरतं रिकामं करत नसे.
कालच्यातलं थोडं ठेवलं की उद्याचं आपोआप होतं, म्हणायची.
परतीचा गाळ का परत पाठवतात, या प्रश्नाला
मी परीक्षेत तिचंच वाक्य लिहिलं.
चारपैकी तीन मार्क मिळाले.

काचपट्टीवर एक थेंब.
भिंगाखाली देठावरच्या घंटा,
कडेला केस, केसांनी पाणी ओढून घेणाऱ्या.
मागाच्या दोरीला झटका द्यावा
तसा देठ आखडतो, पुन्हा सैल.
काल अकरा होत्या. आज पाच.
वहीत पाच लिहिलं.
खाली रेघ मारली, उगाच.

नान्ना एकदाच आले होते इथे.
लिंबाद्री येमुल, रंगारी, एकोणतीस वर्षं,
ज्यांच्या नखांच्या मुळाशी अजून निळं आहे,
ज्यांच्या लग्नात हळद हातावर हिरवी झाली.
त्यांच्या वेळी वाफाळता हौद
सरळ नाल्यात सोडायचे.
गल्लीतल्या विहिरीवरून बायका वार ओळखायच्या.

कठड्याला टेकून विचारलं त्यांनी,
रंग जातो कुठं?
मी सांगितलं, रंगाच्या आत दोन नायट्रोजन
एकमेकांचा हात धरून असतात.
पहिल्या टाकीत हवा नाही. तिथले जीव
तो हात सोडवतात, रंग विझतो.
उरलेले तुकडे पुढच्या टाकीतले खातात, हवेवर.

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.
ते बराच वेळ फेसाकडे बघत राहिले.
मग म्हणाले,
म्हणजे मी चढवलेला पक्का नव्हता?

नाही नान्ना, कापडावरचा नाही हो जात,
कापडाने घेतला नाही तोच फक्त,
असं मी दोनदा सांगितलं, तेलुगूतही सांगितलं.
ते मान हलवत होते.
रिक्षात बसताना मला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,
चाळीस धुण्यांची गॅरंटी द्यायचो आम्ही.

त्यानंतर आले नाहीत.
कधीतरी जेवताना विचारतात,
तुझ्या किड्यांनी आज काय फेडलं?
किडे नव्हेत, म्हणायचं मी सोडून दिलंय.

लिटरच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी,
घड्याळ लावून तीस मिनिटं.
गाळाचे पुंजके एकमेकांना शोधत
सावकाश खाली बसतात.
वर जे उरतं ते
पाणीच आहे, पिण्याचं नव्हे,
पण त्यातून पलीकडची खिडकी दिसते.
दोनशे ऐंशीवर बसला. ठीक आहे.

पिशवीच्या तळाशी गुळाचा खडा उरलाय,
अर्धा मला, अर्धा दस्तगीरला.
ब्लोअर जरा वाढव, म्हटलं,
आत्ताच जेवलेत सगळे.
आणि मंगळवारी लाल येणार आहे.